आखूड नळीचं .३२ रिव्हॉल्व्हर घेताना: काउंटरवर जाण्याआधी, काउंटरवर आणि पैसे देताना

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये माझं छोटं मशीन शॉप आहे. लायसन्सचं हत्यार मी बरीच वर्षं बाळगतो, त्यामुळे ओळखीतलं कोणी रिव्हॉल्व्हर घ्यायला निघालं की "तुम्ही जरा सोबत या" असा फोन येतो. गेल्यावर दिसतं ते बहुतेक वेळा सारखंच. माणूस मोबाइलवर वजन आणि किंमत बघून आलेला असतो, दुकानात दोन मिनिटं हत्यार हातात घेतो, आरशात बघतो आणि चेक फाडतो. सहा महिन्यांनी तोच माणूस विचारतो, "हे विकता येईल का हो?"

विकता येतं, पण सोपं नसतं आणि तोटा ठरलेला असतो. म्हणून खालचे टप्पे याच क्रमाने करा. क्रम उलटा झाला की पुढच्या तपासणीला अर्थ उरत नाही.

## टप्पा १: आधी लायसन्स वाचा, कॅटलॉग नंतर

लायसन्स अजून हातात नसेल तर तुलना करण्यात वेळ घालवू नका. शस्त्र कायदा १९५९ प्रमाणे वय २१ पूर्ण हवं, आणि शस्त्र नियम २०१६ प्रमाणे सुरक्षित हाताळणीचं प्रशिक्षण घेतल्याचं प्रमाणपत्रही लागतं. अर्ज कुठे करायचा यात आपल्याकडे हमखास घोळ होतो. ठाणे शहर, भिवंडी, कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर हे ठाणे पोलीस आयुक्तालयात येतं. शहापूर-मुरबाडचा माणूस ग्रामीण हद्दीत, त्याचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे. मीरा-भाईंदर जिल्ह्याने ठाणे असलं तरी २०२० पासून त्यांचं आयुक्तालय वेगळं आहे. पनवेल-उरण जिल्ह्याने रायगड, पण पोलिसांच्या हिशेबात नवी मुंबई.

लायसन्स हातात असेल तर ते टेबलावर पसरून पाच गोष्टी पेन्सिलीने खूण करून वाचा: हत्याराचा प्रकार, खरेदीची मुदत, काडतुसांची एकावेळची आणि वर्षाची मर्यादा, लायसन्स कोणत्या क्षेत्रात चालतं, आणि तुमचा युनिक नंबर.

क्षेत्राची ओळ लोक वाचतच नाहीत. लायसन्स फक्त महाराष्ट्रापुरतं असेल आणि तुम्ही स्वस्त मिळतं म्हणून कानपूरहून हत्यार आणायला निघालात, तर परतीच्या वाटेवर ते तुमच्या लायसन्सच्या हद्दीबाहेर असतं. त्यासाठी वेगळी परवानगी आधी काढावी लागते.

थांबा आणि बघा: तुमच्या नावावर आधीच किती हत्यारं आहेत? २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच ठेवता येतात. आजोबांची बारा बोअर वारशाने आली असेल तर तीही मोजायची.

## टप्पा २: हात कोणाचा?

हा टप्पा छोटा आहे, पण यातली चूक सगळ्यात महाग पडते. कोपरीतल्या एका ओळखीच्या घरात लायसन्स बायकोच्या नावावर, दागिन्यांचा व्यवसाय तिचा. रिव्हॉल्व्हर निवडायला मात्र नवरा आणि मेहुणा गेले. नवऱ्याचा पंजा केवढा! त्याला मूठ छान बसली, ट्रिगरही हलका वाटला. घरी वहिनींनी हातात घेतलं तर बोटाचं टोकच जेमतेम ट्रिगरला लागत होतं.

ज्याच्या नावावर लायसन्स, हत्यार त्यानेच बाळगायचं. घरात आहे म्हणून नवऱ्याने, मुलाने, ड्रायव्हरने खिशात घालून न्यायचं नाही. म्हणून तपासणारा हातही त्याचाच हवा. "मी घेऊन येतो, तू नंतर बघ" हे साडीच्या बाबतीतही चालत नाही, इथे तर नाहीच.

याच टप्प्यावर स्वतःला विचारा: हे रोज अंगावर राहणार, की पेढीच्या तिजोरीत? रोज अंगावर असेल तर वजन आणि जाडी महत्त्वाची, तिजोरीत असेल तर जड हत्यार बरं. हळदीत हवेत बार काढायला हवं असेल तर हा लेख इथेच सोडा. त्याला शस्त्र कायद्याच्या कलम २५(९) खाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे.

## टप्पा ३: यादी लहान करा

इंटरनेटवर तुलनेचे बहुतेक व्हिडिओ अमेरिकन असतात. स्मिथ अँड वेसनचं पाच गोळ्यांचं, रुगरचं हलकं एलसीआर, टॉरसचं ८५. दोन इंचांच्या आसपासची नळी, .३८ स्पेशल काडतूस. ते सगळं विसरा. आपल्याकडे .३८ हा प्रतिबंधित बोअर (नळीचं माप) आहे, साध्या लायसन्सवर तो मिळत नाही. परदेशी हत्यारांची खासगी आयात १९८० च्या दशकाच्या मध्यापासून जवळपास बंद आहे. म्हणून जुनी विलायती .३२ रिव्हॉल्व्हरं बाजारात कित्येक लाखांना फिरतात. "परवडणारं" हा शब्द तिथे लागू होत नाही.

उरतात ती देशी. आपल्याकडे आखूड नळी म्हणजे साधारण तीन इंच.

निर्भीक हे कानपूरच्या फील्ड गन फॅक्टरीचं, २०१४ साली आलेलं. टायटॅनियम मिश्रधातूचं, सुमारे ५०० ग्रॅम, सहा गोळ्या, .३२. मधून मोडून उघडतं. आलं तेव्हा किंमत १,२२,३६० रुपये होती आणि तेवढ्यावरूनही बरीच बोंब झाली होती.

प्रबल २०२३ च्या ऑगस्टमध्ये आलं, तेही कानपूरचंच. .३२, नळी ७६ मिमी, एकूण लांबी १७७.६ मिमी, वजन ७०० ग्रॅम. गोळ्या भरायचा गोल सिलिंडर बाजूला बाहेर येतो, आणि देशी रिव्हॉल्व्हरमध्ये असं पहिलंच म्हणून त्याची जाहिरात झाली.

निडर इशापूरच्या रायफल फॅक्टरीचं. .२२, आठ गोळ्या, जेमतेम २५० ग्रॅम. खिशात आहे हे विसरायला होईल इतकं हलकं, आणि माझ्या मते तीच त्याची अडचण.

याशिवाय आयुध निर्माणीचं जुनं, सगळ्यांच्या ओळखीचं .३२ रिव्हॉल्व्हर आहे आणि उत्तर प्रदेशात सांडिल्याला बनणारं वेब्ली अँड स्कॉटही. दुकानात यातलं काय प्रत्यक्ष हातात देतात ते फोनवर विचारून मगच निघा. "मागवून देतो" म्हणणाऱ्याकडे तुलना होत नाही.

नेहमीची चूक: जुन्या बातमीतली किंमत धरणे. २२ सप्टेंबर २०२५ पासून रिव्हॉल्व्हर-पिस्तुलांवर जीएसटी २८ वरून ४० टक्के झाला. प्रबलची सुरुवातीची किंमत कर सोडून १,४०,८०० होती. त्याच मूळ किंमतीवर आजचा कर लावला तर ५६,३२० रुपये वर चढतात आणि आकडा १,९७,१२० होतो. दुकानदाराला मूळ किंमत आणि कर वेगवेगळे लिहून द्यायला सांगा, मगच दोन दुकानं जोखा.

## टप्पा ४: काउंटरवर

इथे अर्धा तास काढा. दुकानदार घाई करत असेल तर चहा सांगा आणि बसून राहा. सोबत न्यायच्या वस्तू: झेरॉक्सचे चार कोरे कागद, एक रुपयाचं नाणं, छोटी टॉर्च, पेन्सिल. जमलं तर हॅमरचा (मागच्या घोड्याचा) मार झेलणारी .३२ ची नकली काडतुसं.

पहिलं, रिकामं आहे का. दुकानदाराने उघडून दाखवलं तरी तुम्ही स्वतः पुन्हा उघडा. सिलिंडरच्या सहाही घरांत (गोळ्यांच्या जागांत) डोळ्याने बघा, करंगळीच्या टोकाने चाचपा. नळी कोणाकडेही नाही, भिंतीकडे. त्याने "अहो रिकामंच आहे" म्हटलं तरी. बोट ट्रिगरवर फक्त तपासणीपुरतं.

हॅमर पाडून बघण्याआधी परवानगी विचारा. .२२ मध्ये रिकाम्या घरावर हॅमर पाडूच नका. त्या जातीत गोळी पेटवणारी पिन काडतुसाच्या कडेवर मारते, काडतूस नसलं की ती घराच्या पोलादी कडेवर आपटते.

दुसरं, मूठ. पंजा जितका वर जाईल तितका वर घेऊन पकडा. करंगळी खाली लोंबत असेल तर तेवढ्यावरून नापास करू नका, लहान हत्यारात ते होतंच. बघायचं ते बोट: पहिल्या पेराचा मऊ भाग ट्रिगरवर बसला पाहिजे, आणि त्यासाठी मूठ फिरवावी लागता कामा नये.

तिसरं, ट्रिगर. सगळी निवड इथे होते. हॅमर हाताने मागे न ओढता नुसता ट्रिगर दाबत न्यायचा, म्हणजे डबल ॲक्शन. अशा लहान रिव्हॉल्व्हरमध्ये हा ओढा सहज चार-पाच किलोचा असतो. आता हिशेब करा. ५०० ग्रॅमच्या वस्तूवर पाच किलो जोर लावायचा, म्हणजे वस्तूच्या दहापट. नळी हलणारच. ७०० ग्रॅमचं हत्यार त्याच जोराला थोडं स्थिर राहतं. कॅटलॉगमध्ये "हलकं" हा गुण म्हणून छापतात, पण बोटाला तो बरेचदा दोष वाटतो.

नाण्याची परीक्षा करा. पुढच्या माशीजवळ (नेम धरायची खूण) नळीवर रुपया आडवा ठेवा आणि ट्रिगर सावकाश दाबत हॅमर पडेपर्यंत न्या. नाणं टिकलं तर पुढे. दहा वेळा करा. पहिल्या तीन खेपांना कोणालाही जमतं, सातव्या-आठव्याला खरं कळतं. मी माझं पहिलं घेतलं तेव्हा एकदाच दाबून "मस्त" म्हणालो होतो. रेंजवर पाचव्या गोळीला बोट थरथरायला लागलं, निशाणाच्या कागदावर डावीकडे खाली सगळी गर्दी. वरळीच्या रेंजवरच्या प्रशिक्षकांनी न बोलता फक्त कागद माझ्यापुढे धरला.

ट्रिगर जड असणं वेगळं आणि खडबडीत असणं वेगळं. जड पण एकसारखा ओढा सवयीने जमतो. मधेच अडकतो, किरकिरतो, पुन्हा सुटतो, असा ट्रिगर घेऊ नका. "वापरून मोकळा होईल" हे वाक्य ऐकलं की दुसरा नग मागा. एकाच मॉडेलच्या दोन नगांत फरक असतो, आणि तो कोणताही कॅटलॉग सांगत नाही.

चौथं, सिलिंडर वेळेवर बसतो का. एका घरावर पेन्सिलीने खूण करा. अंगठ्याने हॅमर अगदी हळू मागे घ्या. हॅमर पूर्ण मागे जाऊन अडकण्याच्या आत सिलिंडरने "टक्" करून जागा पकडली पाहिजे. सहाही घरांना. पाच बरोबर आणि एक उशिरा, असा नग मी पाहिलेला आहे, म्हणूनच खूण करायची.

आता नळी भिंतीकडे, ट्रिगर दाबून धरलेला, हॅमर खाली. या स्थितीत सिलिंडर डावी-उजवी हलवून बघा. केसभर हलेल, ते ठीक. खडखडत असेल तर नको. पुढे-मागेही हलवून बघा.

पाचवं, फट. सिलिंडर आणि नळी यांच्यामध्ये बारीक फट असते, ती असायलाच हवी. झेरॉक्सचा साधा कागद साधारण ०.१ मिमी जाड असतो. एक कागद शिरतो, दोन जेमतेम: उत्तम. तीन सहज शिरले तर फट जास्त आहे. एकही शिरत नसेल तर चार गोळ्यांनंतर काजळी साचून सिलिंडर घासायला लागेल. हे सहाही घरांना करा, पाच मिनिटं लागतात. आमच्या शॉपमध्ये यासाठी फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) असतो, पण तो घेऊन दुकानात शिरलात तर दुकानदाराचा चेहरा बघण्यासारखा होतो.

सहावं, उघडझाप. मधून मोडणाऱ्या रिव्हॉल्व्हरचा जीव वरच्या कडीत आणि खालच्या बिजागरीत असतो. बंद करून नळी आणि मूठ दोन हातांत धरून हलकेच पिळून बघा, सांध्यात हालचाल नको. उघडलं की मधला तारा (ताऱ्याच्या आकाराचा भाग) सहाही रिकामी काडतुसं एकदम वर उचलतो, ही या जातीची मोठी सोय. तारा सरळ वर येतो का आणि सोडल्यावर पूर्ण खाली बसतो का, बघा. बाजूला उघडणाऱ्यात सिलिंडर फिरवून मधल्या दांड्याकडे बघा. दांडा डुलत फिरत असेल तर वाकलेला आहे. आणि सिलिंडर मनगटाच्या झटक्याने बंद करायचा नाही, पडद्यावर कितीही छान दिसलं तरी. त्यानेच तो दांडा धरणारा हात वाकतो.

सातवं, नळीच्या आत. उघडं ठेवून मागच्या बाजूने टॉर्चच्या उजेडात बघा. आटे (आतल्या पिळदार खाचा) स्वच्छ, धारदार दिसले पाहिजेत. मधेच काळं वलय दिसलं तर परत द्या.

आठवं, खाली पडलं तर? हॅमरला धक्का बसला तरी पिन पुढे जाणार नाही अशी अडवणूक आत आहे का, ते माहितीपुस्तिकेत छापलेलं दाखवायला सांगा. तोंडी "आहे की" वर थांबू नका. छापलेलं नसेल तर सहापैकी पाचच घरं भरायची आणि हॅमरखालचं रिकामं ठेवायचं.

## टप्पा ५: काडतुसं त्याच वेळी ठरवा

बत्तीस म्हटलं की एकच काडतूस असतं असं वाटतं. आपल्याकडे मिळणारी दोन आहेत. रिव्हॉल्व्हरचं .३२ स्मिथ अँड वेसन लाँग: मागे स्पष्ट कडा, कोश (काडतुसाची पितळी नळी) साधारण २३ मिमी. पिस्तुलाचं .३२: कोश साधारण १७ मिमी, कडा नावापुरती. दोन्हींवर ७.६५ मिमी लिहिलेलं असू शकतं. पिस्तुलाचं काडतूस रिव्हॉल्व्हरच्या घरात कधीकधी बसतंही, आणि तोच धोका आहे. ते वेगळ्या दाबाचं असतं.

बिलावर "रिव्हॉल्व्हर" हा शब्द लिहून घ्या. मागच्या बाजूला केएफ दिसेल, ते आपल्या पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याचं चिन्ह.

बघा: पहिल्या खरेदीतली निम्मी काडतुसं सरावात जाणार असं धरा. वर्षाची मर्यादा आणि दुकानातला साठा दोन्ही बघून मगच बोअर पक्का करा. हत्यार स्वस्त आणि काडतूस मिळत नाही, अशी खरेदी करणारे कमी नाहीत.

## टप्पा ६: पैसे देण्याआधीचे कागद

नग हातात घेऊन त्यावर कोरलेला नंबर मोठ्याने वाचा, दुसऱ्याला बिलावरचा वाचायला सांगा. नंतर लायसन्सवरची नोंद. तीन ठिकाणी एकच आकडा. ०, ६ आणि ८ मध्ये गडबड होते, आणि ती दुरुस्त करायला आयुक्तालयाच्या ज्या फेऱ्या पडतात त्यांत माणूस हत्यार विसरतो. विक्रेत्याचा शिक्का, तारीख आणि काडतुसांची संख्या लायसन्सवर चढली का, तेही तिथेच बघा. हत्यार घेतल्याची माहिती पोलीस ठाण्यात आणि लायसन्स शाखेत किती दिवसांत द्यायची ते लायसन्सच्या अटींत वाचून घ्या, आणि दिल्याची पोच घ्या.

जुनं हत्यार दुसऱ्या लायसन्सधारकाकडून घेत असाल तर विकणाऱ्याला आधी ४५ दिवसांची लेखी सूचना द्यावी लागते. "आज घ्या, कागद नंतर करू" म्हणणारा कितीही जवळचा असला तरी उठून या. आणि लायसन्सशिवाय मिळणाऱ्या कोणत्याही वस्तूची या लेखाशी तुलना करू नका, ती थेट कलम २५ ची भानगड आहे.

## टप्पा ७: पहिला पावसाळा

ठाण्यात हत्यार गोळीबाराने खराब होत नाही, हवेने होतं. जूनमध्ये घोडबंदर रोडवर कारमधून उतरून ऑफिसात शिरेपर्यंत शर्ट ओला होतो, कमरेचं रिव्हॉल्व्हरही तेवढंच ओलं होतं. माझ्या सिलिंडरवर पहिल्याच जुलैत नारिंगी ठिपके आले, कारण रात्री ते कातडी होल्स्टरसकट कपाटात ठेवायची सवय होती. कातडं पाणी धरून ठेवतं. काडतुसांच्या पितळेवर हिरवं बुरशीसारखं चढलं ते वेगळंच.

तेव्हा घरी आलं की बाहेर काढा, रिकामं करा, पुसा, पातळ तेलाचा हात फिरवा. सिलिंडरच्या घरांत तेल साचू देऊ नका, ते काडतुसाच्या मागच्या टोपीत, जिथे पिन मारते, झिरपतं. लॉकरमध्ये सिलिका जेलच्या पुड्या, काडतुसं वेगळ्या कुलपात, दोन्ही किल्ल्या मुलांना ठाऊक नसलेल्या जागी. बाहेर नेताना होल्स्टरमध्ये पूर्ण झाकलेलं. गर्दीच्या लोकलमध्ये न्यायचं का? मी नेत नाही. डोंबिवलीच्या सकाळच्या गाडीत स्वतःचा मोबाइल सांभाळता येत नाही.

निवडणूक आली की जमा करण्याची नोटीस येऊ शकते. द्यायच्या आदल्या रात्री नळीत आणि सिलिंडरवर नेहमीपेक्षा जाड तेल लावा, मऊ कापडात गुंडाळा, कातडी होल्स्टर घरीच ठेवा. पावतीवर नंबर, काडतुसांची संख्या आणि आधीपासून असलेले ओरखडे लिहून घ्या. परत घेताना पावती हातात धरूनच उघडून बघा, टॉर्च सोबत न्या.